एकट्याने ठाणे सांभाळण्यापूर्वी



रात्री दोनच्या सुमारास एखादा वृद्ध शेतकरी पोलीस ठाण्याची पायरी चढतो. त्याच्या गोठ्यातील बैलजोडी चोरीस गेलेली असते. गोठा शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत मोडतो, हे त्याला ठाऊक नसते. समोर बसलेला उपनिरीक्षक नवा असतो आणि सल्ला विचारावयास वरिष्ठ कोणी जवळ नसतो. पुढील अर्ध्या तासात तो काय विचारतो, काय लिहितो व कोणत्या स्वरात बोलतो, यावरून तो शेतकरी साऱ्या शासनाची पारख करीत असतो. पोलीस प्रशिक्षणाचा विचार करावयाचा तो या अर्ध्या तासाच्या दृष्टीने.

आपल्याकडे या प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्याची पोलीस प्रशिक्षण शाळा १९०६ साली सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला आली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. लोकसेवा आयोगामार्फत निवडलेले उपनिरीक्षक येथे घडतात. शिपायांसाठी खंडाळा, जालना, सोलापूर, अकोला अशा ठिकाणी स्वतंत्र केंद्रे आहेत.

दिवस उजाडतो तो कवायतीने. व्यायाम, नेमबाजी आणि जमाव हाताळण्याचे शिक्षण यांनी शरीराला शिस्त लागते. परंतु खरी कसोटी असते ती वर्गातील विषयांची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे अंमलात आले आणि अभ्यासक्रमाचा कायदेविषयक पायाच बदलला. झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करणे आता आवश्यक झाले आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी भेट द्यावी, अशी तरतूद झाली आहे. अटक केलेल्या व्यक्तीस चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा दंडक मात्र राज्यघटनेनेच घातलेला असून तो पूर्वीइतकाच अढळ आहे.

केवळ कायदा पाठ करून अधिकारी तयार होत नाही, हे फार पूर्वीच ओळखले गेले होते. प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली १९७१ साली नेमलेल्या पोलीस प्रशिक्षण समितीने मानवी स्वभावाच्या व समाजाच्या जाणिवेला प्रशिक्षणात स्थान देण्याचा आग्रह धरला. भेदरलेल्या स्त्रीचा जबाब कसा घ्यावा, दु:खाने सुन्न झालेल्या पित्यास प्रश्न कसे विचारावेत, हे कवायतीच्या मैदानावर शिकता येत नाही.

म्हणूनच अकादमीतून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यास लगेच एकट्यावर सोडले जात नाही. जिल्ह्यात अनुभवी अधिकाऱ्याच्या हाताखाली तो प्रत्यक्ष कामाचे धडे घेतो. ठाणे दैनंदिनी कशी लिहावी, मुद्देमालाची नोंद कशी ठेवावी, रात्रगस्तीत काय पाहावे, पंचनाम्यात कोणती बाब सुटता कामा नये, हे तो येथे शिकतो. पंचनाम्यातील एक वगळलेली ओळ पुढे न्यायालयात आरोपीच्या सुटकेचे कारण होऊ शकते. तर घाईने केलेली एक अटक निरपराध्याच्या आयुष्यावर कायमचा डाग ठेवू शकते.

या टप्प्यात एक धोकाही संभवतो. "शाळेत शिकलास ते विसर, येथे काम असे चालते," असे सांगणारा जुना सहकारी भेटला, तर वर्षभराचे शिक्षण आठवडाभरात पुसले जाते. याउलट तोलून बोलणारा, नियम पाळणारा एखादा हवालदार जन्माचा गुरू ठरतो. तेव्हा नवा अधिकारी कोणाच्या हाताखाली द्यावा, हा निर्णय अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा होय.

आता त्या शेतकऱ्याकडे पुन्हा वळू. "ही आमची हद्द नव्हे," हे उत्तर सर्वांत सोपे असते. परंतु गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेतलीच पाहिजे, असे नवी संहिता सांगते. नीट घडलेला अधिकारी त्या वृद्धास प्रथम बसावयास खुर्ची देतो, त्याची हकीकत त्याच्याच शब्दांत उतरवून घेतो, ती त्याला वाचून दाखवितो, खबरीची प्रत विनामूल्य त्याच्या हाती ठेवतो आणि कागदपत्रे शेजारच्या ठाण्याकडे रवाना करतो.

"सद्रक्षणाय खलनिग्रहणाय" हे महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे. त्यात सज्जनांचे रक्षण प्रथम आले आहे. कोणी पाहत नसताना, मध्यरात्री, एकट्या अधिकाऱ्याकडून हा क्रम पाळला गेला, तरच त्याचे प्रशिक्षण पूर्ण झाले असे म्हणता येईल.