घरच्या कुत्र्याची लहानसहान दुखणी



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा डॉक्टरीण होऊन सांगायला मी उभी नाही. आमच्याकडे नऊ वर्षे मोती आहे. त्याचे करता करता आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारता विचारता जे कळले, तेवढेच सांगते. “कुत्र्याला कसला डॉक्टर?” असे आमच्या सासूबाई म्हणत. पण परळला जनावरांच्या डॉक्टरांचे कॉलेज १८८६ सालीच निघाले, म्हणजे हे काही आजकालचे खूळ नव्हे.

पहिली गोष्ट तापाची. कुत्र्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम; १०१ ते १०२.५ अंश हे त्याचे निरोगी तापमान. आपण पाठीवर हात ठेवतो, अंग कढत लागते, आणि डब्यातली गोळी दुधातून देतो. आमच्या इमारतीत एका घरी असेच झाले. कुत्रा नुसता उन्हातून आला होता. आपली अंगदुखीची गोळी त्याच्या पोटात गेली आणि दुसऱ्या दिवशी उलट्या, काळी शी! आठ दिवस सलाइन लावले तेव्हा कुठे जीव वाचला. आयबुप्रोफेनने त्यांच्या आतड्याला जखमा होतात, मूत्रपिंड बिघडते. पॅरासिटामॉलने यकृत जाते. म्हणून हाताने ताप ठरवू नये. थर्मामीटर मागून लावावा लागतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. १०३ च्या वर पारा गेला तर डॉक्टर गाठावा. नाक कोरडे म्हणजे आजारी, हेही खरे नव्हे.

आता गोचीड. खारघरच्या डोंगराकडे, सेंट्रल पार्कच्या गवतात पावसाळ्यात फिरवून आणले की कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली चाचपून पाहा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटाने चिरडू नये, स्पिरिटच्या बाटलीत टाकावी. रॉकेल मुळीच चोळू नका, कातडी भाजते आणि चाटले तर पोटात जाते. गोचिडीच्या तापाची खूण अशी, की कुत्रे अन्न सोडते, नाकातून रक्त येते, हिरड्या पांढऱ्या पडतात. रोज ओठ वर करून हिरडी पाहायची सवय ठेवावी. ती गुलाबी हवी. अंगठ्याने दाबली की पांढरी होते, दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे.

आंघोळीनंतर कान कोरडे पुसा. वास येऊ लागला, डोके सारखे झाडू लागला, तर घरचे तेल ओतू नका.

पोट बिघडले तर मोठ्या कुत्र्याला एक वेळ उपास, पाणी मात्र समोर हवेच. मग मऊ भात आणि बिनमिठाचे, बिनहाडांचे उकडलेले चिकन थोडे थोडे. कांदा-लसणाचे कालवण, शिऱ्यातले बेदाणे, मुलांचे चॉकलेट हे त्याला विषच. सणावारी पाहुणे प्रेमाने भरवतात, तेव्हा आपणच आडवे यावे.

हे सारे मोठ्या कुत्र्याचे झाले. पिल्लाला उलटी-जुलाब लागले, किंवा मोठ्यालाही शीत रक्त दिसले, तर उपास-भात करीत बसू नका. त्याच दिवशी रिक्षा करा. पिल्लांचा पार्व्हो दोन-तीन दिवसांत घेऊन जातो.