ग्वांगचौच्या टेबलावर भेटलेला सोलापूरकर

केएमटीच्या बसमध्ये लटकत ऐकताय की रात्री अंथरुणात पडून? कुठंही असा, आजची गोष्ट शेवटपर्यंत ऐका. ज्यांना वाचायलाच आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप.

गेल्या नोव्हेंबरात मी चीनला जाऊन आले. एकटी. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "चीनला? जगात दुसरं काही शिल्लक नाही का गं?" आईचंही बरोबर होतं. आपल्या फोनवर चीन येतो तो सीमेवरच्या भांडणाच्या नाहीतर स्वस्त चार्जरच्या रूपात. २०२० पासून थेट विमानंही बंद होती. ती २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली, आणि पहिलं उड्डाण होतं कोलकाता ते ग्वांगचौ. म्हटलं, हेच शहर बघू.

आधी कामाचं सांगते. तिथं गूगल चालत नाही, म्हणून नकाशा आणि भाषांतराची सोय निघायच्या आधीच करून ठेवा. पैसे सगळे फोनवरून. अलीपे इथूनच डाउनलोड करून त्याला आपलं कार्ड जोडून बघा, आणि थोडी रोख जवळ ठेवा. घड्याळ अडीच तास पुढं करा.

पहिले दोन दिवस मी अगदी यादी करून फिरले. सहाशे मीटर उंच कँटन टॉवर पाहिला, मान दुखेपर्यंत. युएश्यू बागेतला पाच बोकडांचा दगडी पुतळा पाहिला. या शहराला पाच बोकडांचं शहर म्हणतात. दंतकथा अशी, की पाच देव बोकडांवर बसून आले आणि लोकांना धान्याच्या लोंब्या देऊन गेले. शामियान बेटावर गेले. एकेकाळी ते इंग्रज आणि फ्रेंचांच्या ताब्यात होतं. जुन्या युरोपी इमारती, मोठमोठे वड, आणि वडाखाली लग्नाचे फोटो काढणारी जोडपी.

फोटो भरपूर झाले. पण दुसऱ्या रात्री होस्टेलच्या बंकवर पडल्यावर लक्षात आलं, की दोन दिवसांत मी कुणाशी एक धड वाक्य बोललेले नाही. फोन स्कॅन केला, जेवण आलं, फोन स्कॅन केला, मेट्रोचं दार उघडलं. कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ घेताना चार माणसांशी बोलणं होतं. इथं लाखोंच्या गर्दीत मी मुकी.

खालच्या बंकवर मलेशियाची एक मुलगी होती. तमिळ घरातली, पेशानं नर्स. तिचं गाव इपो, तिथं बाजारात कँटनीज चालते, त्यामुळं तिला ती येत होती. ती म्हणाली, "उद्या सकाळी चहाला चल. पण लवकर उठावं लागेल."

तिथं सकाळच्या या चहाला 'यम चा' म्हणतात. यम म्हणजे पिणं, आणि चा म्हणजे चहाच. माझी आजी 'च्या' म्हणते, त्याच्या अगदी शेजारचा शब्द! चहा नावाला, सोबत बांबूच्या टोपल्यांतून वाफाळते छोटे छोटे पदार्थ येत राहतात. आणि गर्दी असली की अनोळखी माणसांच्या टेबलावर बसायचं. म्हणजे आपल्या मिसळीच्या हॉटेलात रविवारी सकाळी होतं तेच. "कोण बसलंय का इथं?" आणि उत्तर यायच्या आत आपण बसलेलो.

आमच्या टेबलावर एक आजोबा होते आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा नातू. तेही परगावचे. उत्तरेत, बीजिंगच्या खाली हबेई प्रांत आहे, त्याची राजधानी शिजियाज्वांग. तिथून शहर बघायला आलेले. कप आधी गरम चहानं विसळून घ्यायचे, हे आजोबांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी हसत हसत दोघांना शिकवलं. कुणी आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हळूच टकटक करायचं, म्हणजे 'आभार', हेही शिकवलं. मग काय, आजोबा आणि मी उगीचच एकमेकांना चहा ओतत होतो आणि टकटक करत होतो.

नातवाच्या फोननं इंग्रजीत विचारलं, मी कुठली. भारत, म्हटलं. भारतात कुठं? महाराष्ट्र. नातवानं नकाशा काढला. त्यावर आजोबांची बोटं मुंबईवरून सरकली आणि ते म्हणाले, "के दीहुआ."

मला कळेना. मलेशियाच्या मैत्रिणीलाही कळेना. मग आजोबांनी आपल्या फोनमधला एक फोटो दाखवला. त्यांच्या गावच्या हुतात्मा स्मारकातला पांढरा पुतळा. नातवानं शोधून नाव माझ्यासमोर धरलं: डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

मंडळी, खरं सांगते, माझे कान गरम झाले. सोलापूर माझ्या घरापासून पाच-सहा तासांवर. मला कोटणीस म्हटल्यावर एका जुन्या सिनेमाचं नाव आठवलं, बस. 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', १९४६ चा. काढला आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी, कोटणीसांची भूमिकाही त्यांचीच. तोही मी पाहिलेला नव्हता. आणि समोरचा चिनी म्हातारा मला माझ्याच राज्यातल्या माणसाची गोष्ट सांगत होता.

ती गोष्ट थोडक्यात अशी. १९३८ मध्ये जपाननं चीनवर हल्ला करून वर्ष झालं होतं. चीननं मदत मागितली आणि काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, बंगालचे बसू आणि मुखर्जी. म्हणजे पाचांत दोन महाराष्ट्रातले. १ सप्टेंबरला मुंबईहून बोटीनं निघाले आणि १७ सप्टेंबरला चीनमध्ये पोचले ते याच ग्वांगचौमध्ये. महिनाभरात हे शहर जपान्यांच्या हातात गेलं.

पाचही जणांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येकानं शेवटी 'हुआ' जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दीहुआ. पुढं चुंगकिंगला असताना त्यांना वडील गेल्याची बातमी कळली. परतायची मोकळीक होती. ते परतले नाहीत. एकेक करून बाकीचे चौघं मायदेशी आले. कोटणीस आघाडीवर जखमींची ऑपरेशनं करत राहिले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या नर्सशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, ते गेले. वय ३२.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं पर्ल नदीच्या काठी फिरलो. मी नदीकडं बघत होते आणि एक गोष्ट मनातून जाईना. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून याच नदीवर जहाजं यायची ती माळव्याची अफू घेऊन. त्या अफूनं इथली घरं बसवली आणि मुंबईत काही लोकांचे बंगले उभे राहिले. त्याच मुंबईहून १९३८ ला पाच डॉक्टर आले. आजोबांना अफूचंही माहीत असणारच. पण भारताचं नाव काढल्यावर त्यांनी नाव घेतलं डॉक्टरचं.

निघताना नंबर द्यायची वेळ आली आणि आम्ही अडकलो. त्यांच्याकडं व्हॉट्सॲप चालत नाही, आपल्याकडं वीचॅटवर २०२० पासून बंदी. हातात चार स्मार्टफोन, आणि एकमेकांना 'हाय' म्हणायची सोय नाही! शेवटी आजोबांनी माझ्या वहीत पत्ता लिहून दिला. चिनी अक्षरांत, मोठ्ठा, सावकाश.

परत आल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा पोस्टात जाऊन परदेशी टपालाची तिकिटं घेतली. रंकाळ्याचा फोटो छापून घेतला, मागं पत्ता चिकटवला आणि इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. मी सोलापूरला जाऊन आले, भैय्या चौकातलं कोटणीसांचं घर आता स्मारक आहे, ते पाहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. पोस्टमनमामा मला बघून आता लांबूनच मान हलवतात.

आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हाताऱ्याला कोल्हापुरी गूळ आवडला असता."

तर मंडळी, प्रवासात तुम्हाला कुणी अनोळखी माणसानं आपल्याच गावाबद्दल काही शिकवलंय का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि रविवारी मिसळ खायला गेलात, समोरची खुर्ची रिकामी असली, तर तिच्यावर बॅग ठेवू नका. भेटूच!