टाळेबंदी, कला आणि घराचा उंबरठा

(परभणी जिल्ह्यातील एका विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनानंतर एका वकिलांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडेच दीक्षा घेतली असून वर्षावास त्यांना नवा आहे. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे, असा हा नियम होय. हे राहणे स्वेच्छेचे असते आणि त्यास संघाची सोबत असते. 2020 साली सबंध देशाला निराळाच वास घडला. 24 मार्चच्या रात्री घोषणा झाली आणि चार तासांत दारे बंद झाली. त्या वर्षीची 14 एप्रिलची जयंती आपण मिरवणुकीवाचून उंबऱ्याच्या आत साजरी केली. दीक्षाभूमीवरील सोहळाही त्या वर्षी झाला नाही. हे सर्व आपणांस स्मरत असेल. परंतु त्या काळात ज्यांचा विचार आपण कोणीच केला नाही, अशा काही कलावंतांविषयी आज बोलण्याचे मी योजिले आहे. हे कलावंत म्हणजे तृतीयपंथी आणि समलिंगी स्त्रीपुरुष. विषय ऐकून काहींच्या कपाळास आठ्या पडतील. तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच विनंती आहे.

त्या वर्षी गुढीपाडवा 25 मार्चला, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आला. पाडव्यापासून गावोगावच्या जत्रांचा हंगाम लागतो आणि नारायणगावी तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्या ठरतात त्या याच हंगामाच्या भरवशावर. जत्रा बुडाल्या आणि फड बसले. फडात नखरा करून हशा पिकविणारा नाच्या, यल्लम्माच्या नावाने चौंडके वाजवीत जोगवा मागणारा जोगता, लग्नाच्या व बारशाच्या घरी नाचून बिदागी घेणारे तृतीयपंथी, या सर्वांचे पोट माणसांच्या गर्दीवर अवलंबून होते. ती गर्दीच वर्ज्य ठरली. 2011 च्या जनगणनेत स्त्री व पुरुष या दोहोंबाहेर नोंदले गेलेले लोक 4,87,803 होते. केंद्र सरकारने त्यांच्यापैकी ज्यांच्यापर्यंत पोहोचता आले त्यांना 2020 साली एकदाच 1500 रुपये दिले, 2021 मध्ये पुन्हा तेवढेच. दीड हजारात महिन्याचे किती दिवस निघतात, हे या सभेतील प्रत्येक माउलीला माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

येथे एक गोष्ट बोलून टाकतो. नाच्याच्या नखऱ्यावर शिट्टी वाजविणाऱ्यांत आपलेही वाडवडील होते. रात्री त्यास पाहून हसावयाचे आणि सकाळी त्यास पाणवठ्यावर टाळावयाचे, ही रीत आपणांस ओळखीची वाटावयास हवी. मराठी चित्रपटांत अनेक वर्षे नाच्या रंगविणारे गणपत पाटील हे प्रपंचवाले गृहस्थ होते, तरी भूमिकेचा डाग त्यांच्या घरादारास लावण्यास समाज चुकला नाही. पुरुषाने बाईसारखे चालणे ही नामुष्की कोणाच्या मते? जो बाईलाच हीन मानतो त्याच्या मते. आणि बाईस हीन मानण्याचा ग्रंथ बाबासाहेबांनी 1927 साली महाडास जाळला आहे.

पोटाचा प्रश्न हा संकटाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा घरात होता. शहरात शिकणारी, नोकरी करणारी, तेथे कशीबशी मोकळा श्वास घेणारी मुले परत गावी आली आणि जेथे आपले खरे बोलता येत नाही अशा चार भिंतींत कोंडली गेली. आपणांस घर हा आसरा होता. त्यांना घरातच अज्ञातवास घडला. अशा कोंडीत मनुष्य काय करतो? लिहितो, गुणगुणतो, चित्र काढतो. थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. थंडीत कुडकुडत नदीवर जाणाऱ्या त्या स्त्रीने पाण्याने पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणास निरुत्तर केले, ते गाथेतून. आपल्या गंगाखेडची जनीही दुसऱ्याच्या घरची दासीच. तिच्या देवाशी आपले देणेघेणे उरले नाही, पण जात्यापाशी बसून तिने केलेली रचना सात शतके टिकली, ही गोष्ट खरी.

टाळेबंदीतही असे घडले. मुंबईत 2010 पासून श्रीधर रंगायन यांच्या पुढाकाराने 'कशिश' हा चित्रपट महोत्सव भरतो. समलिंगी व तृतीयपंथी यांचे जीवन दाखविणारे देशोदेशीचे चित्रपट त्यात असतात. 2020 साली चित्रगृहे बंद पडली, तेव्हा चालकांनी तो 22 ते 30 जुलै या काळात इंटरनेटवरून भरविला. जे मुंबईस जाऊनच पाहावे लागे, ते जिंतूर-पाथरीच्या मुलासही पाहता येणे शक्य झाले. अर्थात घरात मोबाईल एक आणि त्यावर डोळे सहा जणांचे असतील, तर तेही कठीणच. शेजारच्या कर्नाटकात घरापासून तुटलेल्या मंजम्मा जोगती यांनी जोगती नृत्यास मान मिळवून दिला. त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती याच महामारीत, 2021 च्या जानेवारीत. नोव्हेंबरात ती स्वीकारताना त्यांनी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली, ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. मराठी कवितेत भटक्या समाजात जन्मलेल्या दिशा पिंकी शेख यांचा आवाज आहे. 2019 साली वंचित बहुजन आघाडीने त्यांना प्रवक्तेपद दिले, याचा मला अभिमान वाटतो.

परंतु मला अधिक अस्वस्थ करणारी हकीकत एका साध्या वहीची आहे. आपल्याच जिल्ह्यातील, आपल्याच समाजातील एक तरुण टाळेबंदीत पुण्याहून घरी आला होता. त्याने त्या चार महिन्यांत दोनशे पानी वहीभर कविता लिहिल्या. ज्या मित्रावर त्याचा जीव होता त्यास उद्देशून त्या होत्या. वही वडिलांच्या हाती लागली. वडील सज्जन, निर्व्यसनी, विहाराच्या कामात पुढे असलेले. त्यांनी ती चुलीत घातली. पुढे तो तरुण माझ्याकडे आला आणि त्याने विचारले, "वकीलसाहेब, यावर कायद्यात काही इलाज आहे का?" मी त्यास कायद्याने काय काय दिले ते सांगितले. जळलेल्या वहीवर मात्र माझ्यापाशी कलम नव्हते.

कायद्याने काय दिले ते आपणही ऐका. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या पहिल्या भागाने कित्येक जमाती जन्मतःच चोर ठरविल्या. तुमच्यापैकी काहींच्या आजोबा-पणजोबांनी ती हजेरी दिली असेल. त्याच कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांसाठी होता. त्यांची नोंदवही ठेवावयाची आणि नोंदलेल्याने बाईचा वेष करून रस्त्यावर दिसल्यास, नाचल्यास वा वाद्य वाजविल्यास त्यास वॉरंटाविना पकडून दोन वर्षांपर्यंत कैद द्यावयाची. कला हाच गुन्हा! आपली परभणी 1948 पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात होती, त्या हैदराबाद संस्थानानेही 1329 फसलीत, म्हणजे 1919 च्या सुमारास, असाच कायदा केला. तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला 2023 साली. शंभर वर्षे तो पुस्तकात पडून होता.

समलिंगी संबंधांस गुन्हा ठरविणारे 377 वे कलम 1860 चे. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जदारांत पहिले नाव नवतेजसिंग जोहर यांचे, आणि ते भरतनाट्यम् नर्तक आहेत. 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की, सज्ञान व्यक्तींच्या संमतीचे खासगी संबंध गुन्हा नव्हेत. त्या निकालपत्राचा कणा म्हणजे संविधानिक नीतिमत्ता, आणि हा विचार 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मांडणारे बाबासाहेबच होते.

काही जण म्हणतील, बाबासाहेबांचा या विषयाशी काय संबंध? त्यांनी 1934 सालचा खटला पाहावा. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिली. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. सरकारने अश्लीलतेचा खटला भरला. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. हॅवलॉक एलिस यांच्या ग्रंथांचा आधार घेऊन त्यांनी सांगितले की, अशी प्रवृत्ती एखाद्याच्या ठायी असेल तर त्यात वावगे मानण्याचे कारण नाही आणि अज्ञान दूर करावयाचे तर ज्ञानच दिले पाहिजे. खटला हरला, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. ज्या विषयावर बोलण्यास त्या वेळचे सुधारकही कचरत, त्या विषयाचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले, हे आपण आपल्या मुलांना का सांगत नाही?

आणखी एक शंका विद्वान मंडळी काढतील, म्हणून आधीच बोलतो. विनयपिटकात 'पंडक' व्यक्तीस उपसंपदा देऊ नये असा नियम आहे. आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण तो भिक्खुसंघात प्रवेशाचा नियम आहे, गृहस्थाचे दार बंद करण्याचा नव्हे. पंचशीलातील तिसरे शील मिथ्याचार वर्ज्य करते. मिथ्याचार म्हणजे फसवणूक, बळजबरी, दुसऱ्याच्या विश्वासाचा घात. संमतीने जडलेल्या जीवास ते लागू करणे ओढाताणीचे होईल, असे माझे मत आहे. सफाई करणारा सुनीत आणि न्हावी उपाली यांना संघात घेणाऱ्या तथागतांचे चरित्र आपण आताच वाचले.

धर्मांतर या शब्दाविषयीही दोन शब्द. आपण धर्म बदलला तो स्वतःच्या विवेकाने. कोणी आपल्याला औषध पाजून बौद्ध केले नाही. उलट या मुलांना 'बरे' करण्यासाठी वैदूकडे, मांत्रिकाकडे, दवाखान्यात नेणारे आईबाप आहेत. टाळेबंदीनंतर मदुराईहून पळून चेन्नईस गेलेल्या दोन मुलींच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद व्यंकटेश यांनी जून 2021 मध्ये अशा उपचारांस मनाई केली. निकालापूर्वी त्यांनी या विषयाच्या जाणकाराकडून शिकवणी घेतली आणि आपले अज्ञान निकालपत्रातच नमूद केले. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीस यात कमीपणा वाटला नाही.

आता कामाचे. येत्या आश्विन पौर्णिमेस वर्षावासाची सांगता आहे. त्या दिवशी विहारात कवितावाचन ठेवावे आणि कोणाची वही कोणत्या विषयावर आहे हे समितीने विचारू नये, अशी सूचना मी मांडतो. ज्या वडिलांनी वही जाळली, ते या सूचनेस अनुमोदन देण्यास तयार आहेत. मुलाने पुन्हा लिहिण्यास आरंभ केला आहे, मात्र तो घरी अजून आलेला नाही. कोणा मुलास वा मुलीस घरात मारहाण होत असेल, कोंडून ठेवले जात असेल, बळजबरीने लग्न लावले जात असेल, तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मोफत मिळतो. अनुसूचित जातीच्या व्यक्तीस त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आणि 1990 पासून बौद्ध झालेल्यांसही तो दर्जा आहे. अर्ज कसा करावा हे ज्यांना विचारावयाचे असेल, त्यांच्यासाठी मी वंदनेनंतर विहारातच थांबणार आहे.