पाचशे वेळा पास, आणि तरीही नोंदी गायब

आज बोलायचंय हार्डवेअर एरर रिकव्हरीबद्दल. म्हणजे चालू मशीनमधला एखादा भाग मध्येच गेला, तर सिस्टीम सावरते का, हे शेल स्क्रिप्टने कसं तपासायचं. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

पहिल्या नोकरीत आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी लिनक्सवर चालणारा एक छोटा बॉक्स बनवत होतो. काटा आणि फॅट मशीनकडून आकडे घ्यायचे, पेन ड्राइव्हवर लिहायचे. दहा दिवसांनी शेतकऱ्याचं बिल त्यावरूनच निघतं. गर्दीत ड्राइव्हला धक्का लागतो, क्षणभर निसटतो. तरी पुढची नोंद जाता कामा नये.

पण रात्रभर ड्राइव्ह काढत-घालत बसणार कोण? लिनक्समध्ये सोय आहे. सिसएफएसमध्ये प्रत्येक यूएसबी डिव्हाइसच्या फोल्डरमध्ये 'ऑथराइज्ड' नावाची फाइल असते. रूट होऊन त्यात इकोने ० लिहिला की कर्नल डिव्हाइस सोडून देतं, १ लिहिला की परत घेतं. मी लूप लिहिला: ० लिही, थांब, १ लिही, थांब, मग ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइल लिहून वाच आणि चेकसम जुळव. रात्रभर ५०० फेऱ्या. सकाळी ५०० पास. मी खूश, टीम लीड खूश.

काही आठवड्यांनी एका केंद्रातून सेक्रेटरींचा फोन आला. "साहेब, काल संध्याकाळचं निम्मं दूध दिसंना झालंय. लोकं दारात उभी आहेत, काय सांगू त्यांना?" माझ्या पोटात गोळाच आला.

झालं होतं असं. ड्राइव्ह निसटला तेव्हा जुना माउंट 'एसडीए' हे नाव धरून बसला होता. म्हणून परत आलेल्या त्याच ड्राइव्हला कर्नलने 'एसडीबी' नाव दिलं. आमच्या कोडने जुना माउंट काढला, एसडीए शोधलं, ते सापडलं नाही, आणि गपचूप पुढे गेला. आता माउंट पॉइंट म्हणजे शेवटी एक साधं फोल्डर. ड्राइव्ह नसला तरी ते असतंच! पुढच्या नोंदी बॉक्सच्या आतल्या मेमरीत गेल्या. सकाळी बॉक्स चालू झाला, ड्राइव्ह त्याच फोल्डरवर माउंट झाला आणि त्या नोंदी खाली झाकल्या गेल्या. ड्राइव्ह अनमाउंट केला, तर सगळ्या तिथेच! शेतकऱ्यांचे पैसे वाचले, ते नशिबाने.

माझ्या टेस्टमध्येही हेच घडत होतं. एक सोडून एक फेरीत फाइल भलत्याच जागी लिहिली जायची, तिथूनच वाचली जायची, मग चेकसम जुळणारच ना? आणि निसटण्याआधीच्या नोंदी तर मी तपासतच नव्हतो.

मग स्क्रिप्ट नव्याने लिहिली. चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, बिघाड खरंच झाला का ते बघा. ० लिहिल्यावर ड्राइव्हचा यूयूआयडी यादीतून गेला नाही, तर ती फेरी फेल.

दोन, माउंट नेहमी यूयूआयडीने करा, एसडीए-एसडीबी नावांवर विसंबू नका. लिहिण्याआधी 'माउंटपॉइंट' कमांडने खात्री करा.

तीन, लिहिल्यावर सिंक करा, अनमाउंट करून परत माउंट करा, मगच वाचा. नाहीतर उत्तर रॅममधल्या कॅशमधून येऊ शकतं. बिघाडाआधी सिंक झालेल्या नोंदीही त्याच वेळी मोजा.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: स्क्रिप्टचीच परीक्षा घ्या. ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवा आणि स्क्रिप्ट चालवा. तरी पास आलं, तर आधीच्या कुठल्याच पासला अर्थ नाही. मी हे केलं असतं, तर दोन मिनिटांत चूक सापडली असती.

एक मर्यादाही सांगतो. ऑथराइज्डमध्ये ० लिहिल्याने ड्राइव्हची वीज जात नाही. लाइट गेल्यावर काय होतं, ते तपासायला रिले लावून सप्लायच तोडावा लागतो. ती टेस्ट वेगळी.

डिव्हाइस परत दिसलं म्हणजे रिकव्हरी झाली, असं नाही. माणसाने दिलेली नोंद जागच्या जागी सापडली, तर झाली. तुमची टेस्ट कायम पासच होत असेल, तर आज एकदा ड्राइव्ह काढून चालवून बघा, आणि काय निघालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!