आजीच्या सहा महिन्यांत एक वही



उन्हाळा आला की आपल्या डब्लिनमध्ये आजी-आजोबा दिसायला लागतात. संध्याकाळी एमराल्ड ग्लेन पार्कमध्ये साडीवर स्वेटर, पायात लेकाने घेऊन दिलेले पांढरे बूट. मुक्काम सहा महिन्यांचा. सकाळी कुणी बार्टने ऑफिसला, कुणी शाळेत गेलं की त्यांना दिवस खायला उठतो. तुमच्याकडे कुणी आलं असेल, तर त्यांच्या हातात एक वही द्या. कोरी, रेघांची.

"मला मेलीला कुठलं लिहिता येतंय!" हे उत्तर ठरलेलं. तेव्हा त्यांना लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करून द्या. जन्म १८६८चा, अकराव्या वर्षी लग्न, शाळा नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. घरात कवी तेच, असं कुणालाही वाटलं असतं. पण १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, आणि त्याचे साठाहून अधिक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिले. मग साठी उलटल्यावर आली 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४ सालचा. सोवळ्या-ओवळ्याचं घर, नवऱ्याचं धर्मांतर, ताटातूट, सगळं त्यात आहे. तरी वाचताना हसू येतं, कारण बाई स्वतःलाही सोडत नाहीत. मला तर नवऱ्याच्या कवितेपेक्षा बायकोचं गद्य जास्त टिकलं असं वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकेल.

फलटणच्या बेबी कांबळे यांनी तर छोटं दुकान सांभाळत लिहिलं, आणि वह्या वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवल्या. त्या वह्यांचं 'जिणं आमुचं' झालं.

आता आपल्या घरातलं. माझ्या सासूबाईंनी जन्मभर बँकेत आकडे मांडले. गेल्या खेपेला मुलांनी त्यांना विचारलं, पुण्यात पूर आला तेव्हा तुम्ही कुठे होतात? १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं तो दिवस. आईंनी दोन पानं लिहिली. आम्हाला वाटलं, तारीख, वेळ, नुकसान असा हिशेब असेल. निघाली वाड्यातली माणसं! कोण काय उचलून पळालं, कोणती काकू आधी लोणच्याची बरणी वाचवायला गेली, कोण कोणावर ओरडलं. प्रत्येकाची बोली वेगळी. त्यांना नकला करता येतात हे आम्हालाच काय, त्यांनाही ठाऊक नव्हतं. बोलताना त्या कधीच नक्कल करत नाहीत. बोलताना समोर माणसं असतात, भीड असते. वहीपुढे ती सुटली असावी.

दोन-तीन गोष्टी मात्र सांभाळा. लगेच वाचायला मागू नका. शुद्धलेखन काढू नका, ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघता येतं. "आत्मचरित्र लिहा" असं तर मुळीच म्हणू नका, घाबरतील. लहानसं काही विचारा: वाड्यातला नळ कुणाच्या दारात होता? पहिल्या पगाराचं काय केलंत? हात दुखत असेल तर फोनवर मराठीत बोलून टाइप होतं. पण वही बरी, खाडाखोड राहते. आणि नातवंडांना देवनागरी अडखळत वाचता येत असेल, तर महिन्याभराने एक पान त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. एखादा शब्द अडेल. आजी शेजारीच असेल.