काहिलीतला गणपती आणि सातेरीची पेटी



स्नेहसंमेलनात शाल आणि श्रीफळ बहुधा प्रमुख पाहुण्याच्या वाट्याला येतं. यंदा तुमच्या शाळेनं शाली आणल्या आहेत त्या पंचगंगा घाटावर निर्माल्य गोळा करणाऱ्या मावशींसाठी, स्मशानभूमीतल्या कर्मचाऱ्यांसाठी, भुदरगडातून आलेल्या मधपाळ मामांसाठी आणि दाजीपूरच्या जंगलात वाट दाखवणाऱ्या तरुणांसाठी. याबद्दल संस्थेचे मनापासून आभार. आज मी यांच्याविषयीच बोलणार आहे.

घरगुती गौरी-गणपतीच्या विसर्जनाला तुमच्यापैकी बरेच जण घाटावर जाता. तिथं पाण्यानं भरलेल्या काहिली पाहिल्यात ना? गुऱ्हाळात जिच्यात उसाचा रस आटतो, तीच काहील गणपतीसाठी मांडायची, हे गुळाच्या कोल्हापूरलाच सुचावं. शेवटची आरती होते. घरातला कर्ता माणूस मूर्ती हातात घेऊन क्षणभर घुटमळतो. समोर नदी असते, त्याचे वडील आणि आजोबा याच पायऱ्या उतरलेले असतात. तरीही तो वळतो, मूर्ती काहिलीत बुडवतो आणि दान करतो. पुढं त्या मूर्ती विसर्जनासाठी शहरातल्या इराणी खणीकडं जातात. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, रंग मात्र पाण्यात उतरतो, हे त्याला पटलेलं असतं. पण पटणं वेगळं आणि आपल्या घराण्याची रीत आपल्याच हातानं बदलणं वेगळं. ज्या कार्यकर्त्यांनी सुरुवातीला घाटावर उभं राहून मूर्तीदान मागितलं, त्यांनी लोकांची बोलणी खाल्ली. निर्माल्य गोळा करणाऱ्या मावशी तर आजही रात्री उशिरापर्यंत ओल्या हारांच्या ढिगात उभ्या असतात. आपण घरी जाऊन जेवतो, त्या वेळी त्या हारांतून प्लास्टिक, थर्माकोल आणि दोरे निवडत असतात.

होळीचंही तसंच. ‘होळी लहान करा, शेणी दान करा’ ही हाक या शहरानं ऐकली. तालमींनी आणि मंडळांनी आपली होळी लहान केली आणि उरलेल्या शेणी स्मशानभूमीला पोचत्या केल्या. आपल्याकडं महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही आणि दहन मुख्यत्वे शेणींवर होतं, म्हणून लाकूड वाचतं. आता ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागचे हात दिसत नाहीत. त्या शेणी उतरवून घेणं, कोरड्या ठेवणं, रचणं हे काम आज इथं बसलेल्या माणसांनी केलं. कोरोनाच्या दिवसांत, जेव्हा रक्ताची माणसंही जवळ यायला धजत नव्हती, तेव्हाही केलं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा काठची स्मशानभूमीच पाण्याखाली गेली. तेव्हा दुसरीकडं सोय करून यांनी काम चालू ठेवलं. मुलांनो, या काकांना वाकून नमस्कार करा.

आता मामांकडं येतो. भुदरगड तालुक्यातल्या पाटगावचं नाव तुम्ही ऐकलं असेल. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळानं महाबळेश्वरजवळच्या मांघरनंतर पाटगावला ‘मधाचं गाव’ केलं. २०२३ मध्ये देशपातळीवरच्या पर्यटन गावांच्या स्पर्धेत पाटगावला कांस्यपदक मिळालं. पण मला पदकापेक्षा मधपेटीचं कौतुक जास्त आहे, ते का, सांगतो.

पूर्वी मध कसा काढायचे? धूर करायचा, पोळं अख्खं कापायचं आणि फडक्यात पिळायचं. त्यात मधाबरोबर अंडी पिळली जायची, पिलं चिरडली जायची. मध गढूळ यायचा आणि वसाहत संपायची. सातेरी माशी पेटीत वाढवली की खालच्या भागात पिलं राहतात आणि वरच्या चौकटींत मध साठतो. मधपाळ फक्त वरची चौकट उचलतो. ब्रशनं माश्या अलगद झाडतो, सुरीनं मेणाची पातळ टोपणं कापतो आणि चौकट मधयंत्रात घालून हातानं फिरवतो. मध बाहेर उडतो, पोळं शाबूत राहतं, आणि ती रिकामी चौकट परत माश्यांच्या स्वाधीन होते. पावसाळ्यात फुलोरा नसतो, तेव्हा हाच माणूस पेटीत साखरेचा पाक ठेवून माश्यांना जगवतो.

आणि एकदा पेटी दारात आली की माणसाची जंगलाकडं बघण्याची नजरच बदलते. जांभूळ, हिरडा आणि गेळा फुलला तर मध. साताठ वर्षांनी कारवी फुलली तर त्या वर्षी चंगळ. मग जांभळीवर कुऱ्हाड घालायला हात उचलत नाही. डोंगराला वणवा लागला तर आपलंच घर जळतंय असं वाटून माणूस हिरव्या फांद्या घेऊन धावतो. जंगल वाचवा असं त्याला भिंतीवर लिहून सांगावं लागत नाही. त्याच्या लेकीच्या शाळेची फी त्या झाडांवर फुललेली असते. माझं ठाम मत आहे की सह्याद्री टिकेल तो असाच टिकेल, तिथं राहणाऱ्याच्या चुलीशी जोडला गेला तरच.

आता दाजीपूरच्या तरुणांविषयी. दाजीपूरचं रान एके काळी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ मध्ये तिथं राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं, १९८५ मध्ये ते राधानगरीपर्यंत विस्तारून ३५१ चौरस किलोमीटरचं झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. आपण गवा बघायला जातो आणि फोटो काढून परत येतो. तोच गवा रात्रीत कुणाचा तरी भात तुडवून गेलेला असतो. भरपाई मिळेपर्यंत ते घर कळ काढतं, पण गव्यावर हात टाकत नाही. मे-जूनला काजवे बघायला गाड्या जातात. काजवा उजेडातून जोडीदाराला हाक मारतो, आपल्या हेडलाइटनं ती हाक बुडते. म्हणून हे तरुण अनोळखी पर्यटकांना विनवून गाडीचे दिवे आणि मोबाइल बंद करायला लावतात. त्यासाठी रोज चार लोकांचं वाकडं तोंड सहन करतात.

या सगळ्या माणसांनी आपल्या हक्काचं काहीतरी सोडलं आहे. कुणी रीत, कुणी पीक, कुणी झोप. शाहू महाराजांनी १९०७ मध्ये राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं. १९२२ मध्ये ते गेले आणि धरण पुरं झालं ते त्यांच्या पश्चात. पुऱ्या झालेल्या धरणाच्या पाण्यावर पिकलेली शेतं त्यांना दिसली नाहीत. दुसऱ्यासाठी असं झिजणं या जिल्ह्याच्या अंगातच आहे असं मी मानतो.

पण एक गोष्ट आज मोठ्यांसमोर बोललीच पाहिजे. लोक वर्षातून एकदा मूर्ती काहिलीत देतात आणि जयंती नाला, दुधाळी नाला वर्षभर नदीत वाहतात. शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी जोवर पुरतं शुद्ध होऊन नदीत जात नाही, तोवर या मावशींचे कष्ट अर्धेच फळणार. २०१२ मध्ये नदीच्या खालच्या अंगाला इचलकरंजीत दूषित पाण्यामुळं काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. म्हणून पालकहो, शाल देऊन आपलं देणं फिटलं असं समजू नका. प्रभागातल्या नाल्याचं पाणी कुठं जातं, शुद्ध होतं की नाही, हे लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा विचारा. ज्यांनी स्वतःचं सोडलं, त्यांच्या वतीनं हिशेब मागणं हे आपलं काम आहे.

मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. मामांना एकदा पेटी घेऊन आठवीच्या विज्ञानाच्या तासाला बोलवा आणि येणाऱ्या गणेशोत्सवात नववी-दहावीची मुलं मावशींच्या हाताखाली घाटावर पाठवा. कामाला लागणारे हातमोजे मी देतो. मुलांनो, कार्यक्रमानंतर जेवायला पंगत आहे असं कळलं. पाहुण्यांच्या शेजारी जागा पकडा आणि त्यांना प्रश्न विचारा.

आता सत्कार सुरू करूया. पहिलं नाव मावशींचं पुकारा, सर.