भुईमुगाचा पाला पिकला की रोगानं गेला?



भाद्रपद लागला की खरीप भुईमुगाच्या रानात एक प्रश्न हमखास निघतो. पीक नव्वद दिवसांचं झालेलं असतं. खालचा पाला पिवळा पडून गळायला लागतो. शेजारी बांधावरून सांगतो, "पाला पिकला, आता काय बघताय? उपटून घ्या." घरातली मंडळी म्हणतात, "आणखी थोडं थांबू." दोघांचंही बोलणं मनापासून असतं, पण त्यातलं एकच बरोबर असतं. चुकीचा निर्णय झाला, तर वर्षाच्या कष्टातला चांगला हिस्सा मातीत राहतो किंवा पोचट दाण्यांच्या रूपानं घरी येतो.

म्हणून आज पानाबद्दल बोलू. पान वयानं कसं पिकतं आणि बुरशीनं कसं मरतं, यातला फरक ओळखता आला, तर निम्मं काम झालं.

पानाचं आयुष्य

शेंड्याला नवीन पान उमलतं तेव्हा ते घरातल्या लहान मुलासारखं असतं. स्वतः काही कमावत नाही, मोठ्या पानांनी तयार केलेलं अन्न खाऊन वाढतं. साधारण अर्ध्या आकाराचं झालं की ते स्वतःपुरतं कमावू लागतं आणि उरलेलं झाडाला देऊ लागतं. पूर्ण वाढलेलं हिरवंगार पान हे घरातलं कर्तं माणूस. आऱ्या सुटतात, जमिनीत जातात, शेंगा धरतात, दाणे भरतात, ते याच पानांच्या जिवावर.

पुढं पान म्हातारं होतं. वर नवीन पानं आल्यामुळं त्याच्यावर सावली पडते आणि शेंगांची मागणी वाढलेली असते. मग झाड त्या पानातलं नत्र आणि इतर अन्नद्रव्यं हळूहळू काढून शेंगांकडं आणि कोवळ्या भागाकडं नेतं. हरितद्रव्य मोडतं, पान पिवळं होतं, देठाशी एक पातळ पडदा तयार होतो आणि पान गळून पडतं. यात झाडाचं नुकसान नाही. पानातली शिल्लक अगोदरच दाण्यात जमा झालेली असते.

असं वयानं होणारं पिवळेपण खालच्या पानांपासून सुरू होतं. पान सगळीकडून सारखं पिवळं होतं, त्यावर ठिपके नसतात आणि पानं एकदम न गळता थोडी थोडी गळतात. उलट, शेंड्याची नवी पानंच पिवळी-पांढरी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ते वयही नव्हे आणि बुरशीही नव्हे. चुनखडीच्या रानात लोह कमी पडलं की असं होतं.

बुरशी काय करते?

बुरशीला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही, म्हणून ती दुसऱ्याच्या अन्नावर जगते. सगळ्या बुरशा वाईट असतात असं मात्र समजू नका. भुईमुगाच्या मुळांत राहणारी मायकोरायझा नावाची बुरशी आपले बारीक धागे मातीत लांबवर पसरते, तिथला स्फुरद मुळांना आणून देते आणि त्या बदल्यात झाडाकडून थोडी साखर घेते. ट्रायकोडर्मा ही बुरशी मातीतल्या रोगट बुरशांना खाते. पेरणीच्या वेळी एक किलो बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळतात ते खोडकूज आणि मूळकूज रोखण्यासाठी. पानावरच्या रोगाला मात्र त्या बीजप्रक्रियेचा आधार धरून बसू नये.

भुईमुगाच्या पानावर आपले शत्रू मुख्यतः दोन, टिक्का आणि तांबेरा.

टिक्का दोन प्रकारचा. लवकर येणारा टिक्का पीक महिन्याचं झालं की दिसू लागतो. पानाच्या वरच्या बाजूला तपकिरी डाग आणि त्याभोवती पिवळं कडं असतं. उशिरा येणारा टिक्का शेंगा भरण्याच्या काळात जोर धरतो. त्याचे डाग गोल आणि जास्त काळे असतात. पान उलटं करून पाहिलं तर डागाची खालची बाजू कोळशासारखी काळी आणि बोटाला खरखरीत लागते.

ही बुरशी पानाच्या पेशी मारते आणि मेलेल्या भागावर पोसते. त्यापुढं जे घडतं ते नीट ध्यानात घ्या. डाग पडलेलं पान इथिलीन नावाचा वायू जास्त तयार करू लागतं. आंब्याची आढी लावल्यावर ज्या वायूनं आंबा पिकतो, तोच हा वायू. आढीत तो आंबा पिकवतो, इथं तो पानाचा देठ सोडवतो. म्हणजे पान भर उमेदीत असताना बुरशी त्याला अवेळी म्हातारं करते. पानातली शिल्लक शेंगेकडं पुरती जाण्याआधीच ते गळतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पाला पिकला. खरं म्हणजे कर्ता माणूस गेलेला असतो.

तांबेऱ्याची तऱ्हा वेगळी. भुईमुगाचा तांबेरा आपल्या देशात १९७० च्या सुमारास आला आणि पसरला. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी-तांबूस बारीक फोड येतात आणि बोट फिरवलं की तांबडी भुकटी लागते. ही बुरशी पान लगेच मारत नाही. ते जिवंत ठेवून त्याचं अन्न शोषत राहते. शेवटी पान वाळतं, पण लवकर गळत नाही, झाडालाच चिकटून राहतं. टिक्क्यानं पान गळतं आणि तांबेऱ्यानं वाळून लटकतं, एवढी खूण पुरेशी आहे. दोन्ही रोग एकत्र आले आणि वेळेवर बंदोबस्त झाला नाही, तर उत्पन्न निम्म्याहून अधिक घटू शकतं. जनावरांसाठी ठेवायचा पालाही हातचा जातो.

रोग येतो कुठून?

टिक्क्याची बुरशी मागच्या पिकाच्या पाल्यापाचोळ्यात दबा धरून असते. पाऊस पडला की तिचं बी, म्हणजे बीजाणू, तयार होतात आणि वाऱ्यानं व पावसाच्या थेंबांच्या शिंतोड्यानं खालच्या पानांवर येतात. खालची पानं वयस्कर असतात, सावलीत असतात, बराच वेळ ओली राहतात, म्हणून सुरुवात तिथूनच होते. बीजाणू रुजल्यापासून डाग डोळ्याला दिसेपर्यंत दहा ते चौदा दिवस जातात. आज दिसणारा डाग म्हणजे पंधरवड्यापूर्वीच्या पावसातली लागण असते. "अजून चार-दोनच डाग आहेत," असं आपण म्हणतो तेव्हा न दिसणारी लागण कितीतरी पुढं गेलेली असते.

तांबेऱ्याला मात्र जिवंत भुईमूगच लागतो. उन्हाळी भुईमूग काढल्यावर बांधावर, पाटाच्या कडेला जी झाडं आपोआप उगवतात, त्यांच्यावर तो तग धरतो आणि तिथून खरिपाच्या पिकावर येतो.

बंदोबस्त

पहिला बंदोबस्त पेरणीआधीचा. एकाच रानात भुईमुगावर भुईमूग घेऊ नका. ज्वारी, बाजरी किंवा मक्याचा बेवड चांगला. पीक निघाल्यावर गळालेला पाला वेचून घ्या किंवा खोल नांगरटीनं गाडा. आपोआप उगवलेली भुईमुगाची झाडं उपटून टाका. बियाणं घेताना रोगाला दाद न देणाऱ्या वाणांची चौकशी करा. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा जीपीबीडी-४ हा वाण तांबेरा आणि उशिराचा टिक्का दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. आपल्या भागाला कोणता वाण मानवतो, ते कृषी सहायकांना विचारून ठरवा.

दुसरा बंदोबस्त उभ्या पिकातला. पीक तीस दिवसांचं झालं की आठवड्यातून एकदा रानात जाऊन खाली वाका आणि खालची पानं उलटून पाहा. पहिले डाग दिसताच १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम मॅन्कोझेब मिसळून फवारा. पंधरा दिवसांनी रोग आणि पाऊस पाहून पुन्हा फवारणी करा. पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, नाहीतर औषध वाया जातं. हे औषध नव्या लागणीपासून पानाचं राखण करतं, मेलेला डाग त्यानं हिरवा होत नाही. म्हणून उशीर करून उपयोग नाही.

रोग जास्त असेल तर आंतरप्रवाही औषध वापरतात, पण एकच औषध दरवेळी मारू नका. बुरशी त्याला सरावते. अमेरिकेत १९७० च्या दशकात बेनोमिल हे औषध भुईमुगावर सतत वापरलं गेलं आणि टिक्क्याची बुरशी त्याला दाद देईनाशी झाली. औषध कोणतंही घ्या, डब्यावरची माहिती वाचा किंवा वाचून घ्या. काढणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवायची तेही त्यावरच असतं. तोंडाला फडकं बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट दिशेला फवारू नका आणि फवारलेला पाला जनावरांपुढं लगेच टाकू नका.

आता काढायचं की थांबायचं?

शेवटी तो बांधावरचा प्रश्न. त्याचं उत्तर पाल्याला विचारू नका, शेंगेला विचारा. रानाच्या चार-पाच ठिकाणची झाडं उपटा आणि शंभर शेंगा फोडा. टरफलाची आतली बाजू काळसर झाली असेल, दाणा भरलेला असेल आणि सालीला त्या वाणाचा रंग आला असेल, तर ती शेंग पक्व. शंभरातल्या पंचाहत्तर अशा निघाल्या की काढणीला लागा. आतली बाजू पांढरी असेल तर दाणा अजून भरायचा आहे. तो आज उपटलात तर वाळल्यावर सुरकुतेल, तेल आणि उतारा दोन्ही कमी पडेल.

मात्र काढणी जवळ आलेली असताना रोगानं निम्म्याहून जास्त पाला गळाला असेल, तर फार वाटही पाहू नका. खायला घालणारी पानंच उरली नाहीत, तर दाणा पुढं भरणार नाही. उलट आऱ्या कुजून कमजोर होतात आणि उपटताना शेंगा मातीत तुटून राहतात. अशा वेळी फवारणीवर पैसा घालू नका. शेंगा फोडून पाहा आणि वाफसा बघून काढून घ्या.

ध्यानात ठेवा

१. ठिपक्यांशिवाय, खालून, थोडा थोडा पिवळा होणारा पाला वयानं पिकतो.
२. डाग पडून गळणारा पाला टिक्क्याचा, खाली तांबडी भुकटी असलेला तांबेऱ्याचा.
३. तिसाव्या दिवसापासून दर आठवड्याला पानं उलटून पाहा.
४. फवारणी पहिल्या डागाला करा, पाला गळाल्यावर नव्हे.
५. काढणीचा दिवस शेंग फोडून ठरवा.

तर मंडळी, उद्या सकाळी रानात जाल तेव्हा एक झाड उपटून पाहा. पाच शेंगा फोडा, पाच पानं उलटा. तुमच्या रानाचा निकाल तुम्हाला तिथंच कळेल.